जर्मनीत ओ पेअर म्हणून पहिले वर्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जर्मन शिकवताना प्रत्येक तुकडीतल्या दोन-तीन मुली तरी वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळतात आणि ओ पेअरविषयी विचारतात. त्यानंतर आठवड्याभरात त्यांच्या आईचा किंवा बाबांचा फोन येतो. प्रश्न बहुतेक तेच असतात. मी स्वतः असे एक वर्ष दक्षिण जर्मनीतल्या एका कुटुंबात काढले आहे, त्यामुळे खालील उत्तरांत नियमांबरोबर माझी मतेही आली आहेत. नियम आणि शुल्क वेळोवेळी बदलतात, म्हणून प्रत्यक्ष अर्ज भरण्यापूर्वी मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावरची ताजी यादी वाचावी.

ओ पेअर म्हणजे नेमके काय? साध्या भाषेत मोलकरीण म्हणायचे का?

नाही. हा शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे. तरुण व्यक्ती परदेशातल्या एका कुटुंबात घरची म्हणून राहते, मुलांना सांभाळते, घरातल्या हलक्या कामांना हात लावते, आणि त्या बदल्यात कुटुंब तिला राहायला खोली, जेवण, हातखर्चाचे पैसे आणि भाषा शिकण्याची सवड देते. युरोपीय परिषदेने १९६९ साली श्ट्रासबुर्ग येथे याविषयी एक करार तयार केला आणि ही व्यक्ती विद्यार्थीही नव्हे आणि कामगारही नव्हे, तर या दोहोंच्या मधली आहे, असे त्यात मानले. जर्मनीतही ओ पेअरचे नाते नोकरीचे समजले जात नाही आणि मिळणाऱ्या रकमेला पगार म्हणत नाहीत.

ही मधली जागाच या वर्षातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. तुम्ही पाहुण्या नाही, कारण सकाळी साडेसहाला उठून डबे भरायचे असतात. आणि नोकर नाही, कारण रात्री त्याच टेबलावर बसून जेवायचे असते. कोणत्या वेळी आपण कोण आहोत हे कुणी लिहून देत नाही, ते बोलून ठरवावे लागते. आपल्याकडच्या मुली नेमक्या इथेच संकोच करतात. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

वय, शिक्षण आणि भाषेच्या अटी कोणत्या?

भारतीय नागरिकाचे वय किमान १८ पूर्ण असावे आणि व्हिसासाठी अर्ज करतेवेळी २७ वे वर्ष पूर्ण झालेले नसावे. विशिष्ट पदवीची अट नाही. जर्मन भाषेची किमान ए१, म्हणजे सर्वांत प्राथमिक, पातळी मात्र दाखवावी लागते. हे वर्ष आयुष्यात एकदाच मिळते: मुक्काम किमान सहा महिने आणि कमाल बारा महिने असतो, आणि कुणी सात महिन्यांत परतले तर उरलेले पाच महिने नंतर वापरता येत नाहीत. म्हणून ‘बघू तरी जाऊन’ अशा बेताने निघू नये.

ए१ परीक्षा कितपत कठीण आहे?

गोएटे इन्स्टिट्यूटची, म्हणजे आपल्याकडे जिला मॅक्स म्युलर भवन म्हणतात त्या संस्थेची, परीक्षा ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे अशा चार भागांत होते आणि उत्तीर्ण होण्यासाठी शंभरपैकी साठ गुण लागतात. बोलण्याच्या भागात आधी स्वतःची ओळख करून द्यायची असते, त्यात आडनावाची अक्षरे जर्मन उच्चारांनुसार एकेक करून सांगायला लावतात. ‘क्षीरसागर’ किंवा ‘ज्ञानमोठे’ असे आडनाव असेल तर घरी आरशासमोर सराव करावा.

परीक्षा अवघड नाही, पण ए१ घेऊन घरात पाऊल टाकणे अवघड आहे. तीन वर्षांचे मूल परीक्षेतल्या ध्वनिफितीसारखे सावकाश बोलत नाही. ते रडत बोलते, तोंडात बिस्किट ठेवून बोलते आणि अर्धा शब्द गिळते. शक्य असल्यास ए२ पूर्ण करून जावे, असे मी प्रत्येकीला सांगते. मॅक्स म्युलर भवनात जागा मिळाली नाही तर फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्येही जर्मन शिकता येते. मात्र व्हिसासाठी दूतावासाला मान्य असलेलेच प्रमाणपत्र लागते, हे ध्यानात ठेवावे.

मुलगे जाऊ शकतात का?

जाऊ शकतात. नियमांत मुलगा-मुलगी असा भेद नाही. मुलग्यांना कुटुंब मिळायला बहुधा अधिक वेळ लागतो. दोन-तीन दांडगे मुलगे असलेल्या घरी मात्र सायकल आणि फुटबॉल खेळणारा तरुण आनंदाने घेतात.

कुटुंब शोधायचे कसे? एजन्सीला पैसे द्यावेत का?

दोन मार्ग आहेत. संकेतस्थळांवर स्वतःची माहिती टाकून थेट कुटुंबाशी बोलता येते किंवा मध्यस्थ संस्थेमार्फत जाता येते. संस्था निवडताना तिच्याकडे ‘राल’ हे गुणवत्ता चिन्ह आहे का ते पाहावे. ते सक्तीचे नाही, पण ते घेणारी संस्था ठरावीक निकष पाळण्यास बांधलेली असते आणि वर्षाच्या मध्यात काही बिनसले तर धावून येणारे कुणीतरी असते. जर्मन नियमांनुसार मध्यस्थ ओ पेअरकडून जास्तीत जास्त १५० युरो घेऊ शकतो. आपल्याकडचा एखादा एजंट ‘युरोपमध्ये हमखास सेटिंग’ म्हणून लाखाच्या घरातली रक्कम सांगत असेल, तर त्या दुकानाची पायरी उतरावी.

थेट शोधताना फसवणुकीचा एक ठरलेला साचा दिसतो. कुटुंब अतिशय गोड पत्र पाठवते, हातखर्चाची रक्कम नियमाच्या दुप्पट-तिप्पट सांगते, व्हिडिओ कॉल टाळते, आणि चार दिवसांनी कुणा ‘वकिला’ला किंवा ‘ट्रॅव्हल एजंट’ला व्हिसाचे पैसे आगाऊ पाठवायला सांगते. खऱ्या कुटुंबाशी किमान तीन वेळा व्हिडिओवर बोलणे होते, त्यातल्या एका वेळी तरी मुले समोर असतात, आणि पैशांचा विषय निघतो तेव्हा तो ते तुम्हाला किती देणार याचाच असतो. आधीच्या ओ पेअरचा संपर्क मागावा. तो देण्यास कुटुंब का-कू करत असेल तर ते कारण तुम्हाला पुरेसे आहे.

जर्मनीतल्या एखाद्या मराठी कुटुंबातच राहता येईल का? आईला तेच बरे वाटते.

हा प्रश्न हटकून येतो आणि त्याचे उत्तर बहुतेकदा ‘नाही’ असेच असते. यजमान घरात जर्मन ही मातृभाषा किंवा निदान घरात बोलली जाणारी भाषा असावी लागते. ती मातृभाषा नसून केवळ घरात बोलली जाणारी भाषा असेल तर ओ पेअर यजमान पालकांच्या मूळ देशातली असून चालत नाही. शिवाय घरातल्या किमान एका प्रौढ व्यक्तीकडे जर्मनीचे, युरोपीय संघ वा युरोपीय आर्थिक क्षेत्रातील देशाचे किंवा स्वित्झर्लंडचे नागरिकत्व हवे, अठरा वर्षांखालचे मूल घरात हवे, आणि ओ पेअर नात्यातली नसावी. म्युनिकच्या मावसबहिणीचे बाळ सांभाळायला या व्हिसावर जाता येत नाही. नियमामागचे कारण सरळ आहे: भाषा आणि संस्कृती शिकायला म्हणून आलेल्या मुलीने वर्षभर घरात मराठीच बोलली तर या व्यवस्थेला अर्थ उरत नाही.

करारात काय काय असते? तास आणि पैसे किती?

करार लेखी असतो आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांखेरीज व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. कामाची मर्यादा दिवसाला सहा आणि आठवड्याला तीस तासांची आहे. संध्याकाळी आईवडील बाहेर गेले असता मुलांजवळ बसणे हेही याच तासांत मोजायचे असते, मग मुले झोपलेली का असेनात. आठवड्याला दीड दिवस पूर्ण सुटी, चार संध्याकाळी मोकळ्या, आणि महिन्यातून किमान एक रविवार सुटीचा मिळायला हवा. पूर्ण वर्षासाठी चार आठवड्यांची भरपगारी म्हणावी अशी रजा असते. पगार नाही हे वर सांगितलेच आहे, पण आपल्या भाषेत त्याला दुसरा सुटसुटीत शब्द नाही.

हातखर्च, ज्याला जर्मनमध्ये टाशनगेल्ड म्हणतात, दरमहा २८० युरो आहे, आणि तो रजेतही मिळतो. भाषावर्गासाठी कुटुंब दरमहा ७० युरो वेगळे देते. आजारपण, बाळंतपण, अपघात आणि तुमच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई यांचे विमे कुटुंबाने काढायचे असतात. खोली स्वतंत्र, किमान आठ चौरस मीटरची, खिडकी असलेली आणि गरम करता येणारी असावी लागते. व्हिडिओ कॉलवर ती खोली दाखवायला सांगण्यात उद्धटपणा नाही. मी सांगितले नव्हते. पोहोचल्यावर कळले की माझी खोली तळघरात होती. नियमात बसणारी, उबदार, स्वच्छ, पण खिडकीतून फक्त शेजाऱ्यांची पावले दिसत. नोव्हेंबरमध्ये त्याचा त्रास झाला.

२८० युरोंना रुपयांच्या दराने गुणून आनंदित होऊ नये. खाण्या-राहण्याचा खर्च नसल्याने ते पुरतात, पण त्यातून घरी पैसे पाठवण्याचा बेत असेल तर हा मार्ग त्यासाठी नाही. बिगर-युरोपीय ओ पेअरला दुसरीकडे काम करण्याचीही परवानगी नसते.

व्हिसा कसा मिळतो? विद्यार्थ्यांसारखे बँकेत पैसे अडकवावे लागतात का?

विद्यार्थ्यांना वर्षाचा खर्च आधीच एका गोठवलेल्या खात्यात दाखवावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. ओ पेअरला हे खाते लागत नाही, कारण तिच्या राहण्या-जेवण्याची जबाबदारी कुटुंबाने घेतलेली असते. अनेक घरांना हा मार्ग परवडतो तो यामुळेच.

अर्ज राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी करायचा. त्याचे शुल्क ७५ युरो असून ते रुपयांत भरले जाते. पारपत्र, करार, भाषेचे प्रमाणपत्र, विम्याचा पुरावा, स्वतःचा परिचय आणि हेतुपत्र ही मुख्य कागदपत्रे. अर्जाला जर्मनीतील संघीय रोजगार संस्थेची संमतीही लागते, म्हणून निर्णयाला कधी काही आठवडे तर कधी काही महिने लागतात. विमानाचे तिकीट त्याआधी काढू नये.

हेतुपत्राविषयी थोडे सांगते, कारण बहुतेक अर्ज तिथेच कच्चे राहतात. ‘मला मुले आवडतात आणि जर्मन संस्कृतीची ओढ आहे’ हे वाक्य त्या खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने सकाळपासून कितीदा वाचले असेल! त्याऐवजी शेजारच्या बाळाला दोन वर्षे संध्याकाळी सांभाळले, पाळणाघरात सुटीत काम केले, बालवाडीच्या शिक्षिकेचा अभ्यासक्रम पूर्ण केला, असे जे घडले असेल ते लिहावे. वर्षानंतर काय करणार याचे उत्तर तयार हवे. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या मुलीला ‘तुम्हाला हे का करायचे आहे?’ असे विचारले जाणारच. मुलाखतीत काही प्रश्न जर्मनमध्ये येतात, आणि पाठ केलेले उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लगेच उघडे पडते.

महाराष्ट्र शासनाने जर्मनीशी केलेल्या करारातून ओ पेअर म्हणून जाता येते का?

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र आणि जर्मनीचे बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात झालेला करार कुशल मनुष्यबळासाठी, म्हणजे परिचारिका, वीजतंत्री यांसारख्या व्यवसायांतील लोकांसाठी आहे. ओ पेअरचा त्याच्याशी संबंध नाही.

निघेपर्यंत स्वतःचा खर्च किती येतो?

भाषावर्ग आणि परीक्षा, व्हिसाचे शुल्क, कागदपत्रांची भाषांतरे, विमानाचे तिकीट आणि थंडीचे कपडे हे मोठे भाग. तिकिटाचे पैसे कुटुंबानेच द्यावेत असा नियम नाही. काही कुटुंबे परतीचे देतात, काही अर्धे देतात, बरीच देत नाहीत. हे करारावर सही करण्यापूर्वी विचारावे. थंडीचे कोट इथून घेऊ नयेत. आपल्या बाजारातला ‘युरोप जॅकेट’ तिथल्या पहिल्या ओल्या वाऱ्यात हार मानतो, आणि तिथे वापरलेल्या कपड्यांच्या बाजारात चांगला कोट स्वस्तात मिळतो. पायमोजे मात्र भरपूर न्यावेत.

पोहोचल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत काय करायचे असते?

राहत्या पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, दोन आठवड्यांच्या आत करावी लागते. त्यासाठी घरमालकाचे पत्र लागते, ते कुटुंब देते. या नोंदीनंतर कर क्रमांक टपालाने येतो, मग बँकेत खाते उघडते, आणि व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी परकीय नागरिक कार्यालयातून निवास परवाना घ्यायचा असतो. या कार्यालयात अनेक शहरांत वेळ मिळायलाच काही आठवडे जातात, म्हणून पोहोचल्याच्या आठवड्यातच वेळ मागावी. सगळी पत्रे टपालाने येतात. पत्रपेटीवर तुमचे नाव नसेल तर टपालवाला ती परत नेतो. पहिल्याच दिवशी कुटुंबाच्या नावाखाली आपल्या नावाची चिठ्ठी लावून घ्यावी.

दिवसभराचे काम प्रत्यक्षात कसे असते?

मुलांच्या वयावर ते अवलंबून असते. माझ्याकडे दोन आणि पाच वर्षांच्या दोघी होत्या. सकाळी नाश्ता, ब्रेड आणि काकडीच्या फोडींचे डबे, थोरलीला बालवाडीत सोडणे, मग दुपारपर्यंत मी मोकळी आणि भाषावर्ग. साडेतीनला दोघींना आणणे, बाग, आणि सहापर्यंत घरी.

हिवाळ्यात यातला सर्वांत कष्टाचा भाग म्हणजे दोन वर्षांच्या मुलीला घराबाहेर काढणे. आधी लोकरी लेगिंग, त्यावर विजार, त्यावर चिखलात बसता येईल अशी रबरी पट्ट्यांची माचहोझं, मग कोट, गळपट्टा, टोपी, आणि शेवटी हातमोजे, ज्यांत अंगठा कधीही अंगठ्याच्या जागी जात नाही. वीस मिनिटांनी, घामाघूम होऊन दार उघडले की ती शांतपणे ‘पिपी’, म्हणजे शू, म्हणे. मग सगळे उलट क्रमाने. पाऊस पडतोय म्हणून घरी बसू, ही सबब तिथे चालत नाही. वाईट हवा असे काही नसते, चुकीचे कपडे तेवढे असतात, असे जर्मन लोक म्हणतात आणि ते तसेच वागतात.

घरकामात मुलांचे कपडे धुणे व घड्या करणे, त्यांची खोली आवरणे, साधे काही रांधणे, भांडी यंत्रात लावणे हे येते. सगळ्या घराच्या खिडक्या पुसणे, बागकाम, आजारी आजोबांची शुश्रूषा हे येत नाही.

मुले ऐकत नसतील तर?

एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगायला हवी. जर्मनीत २००० सालापासून मुलांना हिंसेविना वाढण्याचा कायदेशीर हक्क आहे. आपल्या घरात सहज पाठीत पडणारा धपाटा तिथे गंमत नाही, शिस्तही नाही. त्या क्षणी तुमचे वर्ष संपू शकते. ‘बागुलबुवा येईल’ अशी भीती घालणेही पालकांना रुचत नाही. तिथे मुलाला कारण सांगतात, दोनच पर्याय देतात, आणि मग ते निवडेपर्यंत थांबतात. हे थांबणे शिकायला मला चार महिने लागले. मुलांची छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरसुद्धा पालकांना विचारल्याशिवाय टाकू नयेत.

मी शाकाहारी आहे. जेवणाचे काय?

शाकाहारी राहणे आता तिथे अवघड नाही. प्रश्न वेगळाच असतो आणि तो आधी स्वतःला विचारावा: मुलांसाठी सॉसेज गरम करून द्यायला, मासळीच्या कांड्या तळायला तुमची तयारी आहे का? नसेल तर माहितीपत्रातच लिहावे. काही कुटुंबे नकार देतील, पण तो नकार पुण्यात बसून ऐकलेला बरा. रात्रीचे जेवण बहुतेक घरांत थंड असते, ब्रेड, चीज, लोणी, काकडी, आणि ते सहा-साडेसहाला आटोपते. गरम वरणभाताची सवय असलेल्या माणसाला पहिला महिना ते जेवण वाटतच नाही. स्वयंपाकघर वापरायची परवानगी विचारून घ्यावी आणि फोडणी देताना खिडकी उघडी ठेवावी.

कुटुंबाला ‘नाही’ कसे म्हणायचे? ते रागावले तर?

मला विचाराल तर या पानावरचा हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आपण ‘चालेल’ हा शब्द दिवसातून शंभरदा वापरतो आणि त्याचे निदान पाच अर्थ होतात. त्यांपैकी एक ‘मला अजिबात आवडलेले नाही, पण मी बोलणार नाही’ असा असतो. आपल्या घरात आईला तो अर्थ आवाजावरून कळतो. जर्मन घरात ‘चालेल’ म्हणजे चालेल.

माझ्या बाबतीत घडलेले सांगते. तिसऱ्या आठवड्यात यजमानीणबाईंनी विचारले की शनिवारी सकाळी दोन तास मुलींना बघशील का. मी हो म्हटले. पुढच्या शनिवारी पुन्हा विचारले, पुन्हा हो. पाचव्या आठवड्यापासून विचारणे थांबले, कारण फ्रिजवर लावलेल्या आठवड्याच्या तक्त्यात शनिवार माझ्या नावावर छापूनच आला. मी रात्री आईला फोन करून रडले, मनात त्यांना दोष दिला, आणि समोर हसत राहिले. शेवटी भाषावर्गातल्या एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून महिनाभराचे तास वहीत लिहिले आणि ती वही जेवणानंतर त्यांच्यासमोर ठेवली: छत्तीस, पस्तीस, सदतीस, छत्तीस. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी वही दोनदा वाचली आणि विचारले, “तू आधी का नाही सांगितलेस?” या प्रश्नाचे माझ्याकडे जर्मनमध्ये उत्तर नव्हते, आणि खरे तर मराठीतही नव्हते. पुढच्या तक्त्यात शनिवार कोरा होता.

म्हणून पहिल्या आठवड्यापासून वही ठेवावी, आणि दर रविवारी रात्री पंधरा मिनिटे बसून येणारा आठवडा ठरवण्याची प्रथा पाडावी. ‘मला विचार करू द्या, उद्या सांगते’ हे वाक्य जर्मनमध्ये पाठ करून जावे. नाव घेऊन आणि ‘दू’ म्हणून, म्हणजे अरे-तुरेने, यजमानांशी बोलायचे असते. ज्या व्यक्तीला आपण मनात अजून ‘काकू’ म्हणत असतो, तिच्याशी तास मोजून बोलणे जड जाते. ते जड जाणारच असे गृहीत धरावे.

घरची आठवण आल्यास काय करावे?

आठवण येते, सहसा नोव्हेंबरात, चार-साडेचारला अंधार पडू लागतो तेव्हा. उन्हाळ्यात भारताचे घड्याळ साडेतीन तास पुढे असते आणि हिवाळ्यात साडेचार तास, त्यामुळे संध्याकाळी काम संपेपर्यंत घरी निजानीज झालेली असते. फोनसाठी दुपारची वेळ ठरवावी. रोज तास-तास व्हिडिओ कॉल करणाऱ्या मुलींची भाषा सुधारत नाही आणि आठवणही कमी होत नाही, असे मी पाहिले आहे. भाषावर्गात इतर देशांच्या ओ पेअर भेटतात, त्या पहिल्या मैत्रिणी होतात. म्युनिक, फ्रँकफर्ट, श्टुटगार्ट या भागांत मराठी मंडळी गणपती आणि दिवाळी एकत्र साजरी करतात. वर्षातून दोन-तीनदा तिथे जाणे मनाला बरे वाटते. रविवारी दुकाने बंद असतात, हे पहिल्या दोन रविवारी उपाशी राहून कळण्याऐवजी इथेच वाचून ठेवावे.

कुटुंबाशी अजिबात जमले नाही, किंवा काही गैर घडले तर?

न जमणे आणि गैर घडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न जमल्यास करारात दिलेल्या मुदतीची, सहसा चौदा दिवसांची, सूचना देऊन नाते संपवता येते आणि उरलेल्या काळासाठी दुसरे कुटुंब शोधता येते. परकीय नागरिक कार्यालयाला ते कळवून संमती घ्यावी लागते, कारण परवाना त्या कुटुंबाशी जोडलेला असतो.

अंगचटीला येणे, मारहाण, पारपत्र काढून घेणे, घरात कोंडणे असे काही घडले तर मुदतीची वाट पाहायची नसते. करार तत्काळ संपतो. पोलिसांचा क्रमांक ११० आणि रुग्णवाहिका व अग्निशमन यांचा ११२. महिलांवरील हिंसेसाठी ११६०१६ ही मोफत मदतवाहिनी चोवीस तास चालते आणि तिथे जर्मनखेरीज इतर भाषांतही बोलता येते. पारपत्र नेहमी स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या बॅगेत असावे. ‘हरवेल, आम्ही ठेवतो’ असे कुणी प्रेमाने म्हटले तरी द्यायचे नाही.

वर्ष संपल्यावर परत यावेच लागते का?

ओ पेअरचा परवाना वाढवून मिळत नाही. भाषा बी१-बी२पर्यंत नेलेल्या अनेक मुली पुढे वर्षभराची स्वयंसेवा, आउसबिल्डुंग म्हणजे विद्यावेतनासह व्यवसाय प्रशिक्षण, किंवा विद्यापीठातला प्रवेश याकडे वळतात. प्रत्येकाच्या अटी निराळ्या आहेत आणि अर्ज परवाना संपण्यापूर्वी करावा लागतो, म्हणून सहाव्या महिन्यापासून हालचाल सुरू करावी. परत येणाऱ्यांनाही कमीपणा वाटायचे कारण नाही. मी परत आले आणि त्या वर्षाच्या भाषेवर आज माझे घर चालते.

जाताना कुटुंबासाठी भेट काय न्यावी?

पेढे, बर्फी आणि साजूक तूप नेऊ नये. भारतातून युरोपीय संघात प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत आणि विमानतळावर ते कचऱ्यात जातात. चिवडा मुलांना तिखट लागतो. सुती पांघरूण चांगले. मी सावंतवाडीच्या लाकडी फळांची टोपली नेली होती. मुलींनी ती वर्षभर दुकान-दुकान खेळायला वापरली. पहिल्या संध्याकाळी धाकटीने त्यातले सीताफळ उचलून ‘वास इस्ट दास?’, हे काय आहे, म्हणून विचारले, आणि माझ्या ए१च्या शब्दसंग्रहात ते फळ नव्हते.